‘मॅड’ या शब्दाला मराठीत काय म्हणावे?

उत्तररंग

नमस्कार. कॅनडात ‘डेफ, डिसेबल्ड अँड मॅड आर्ट्स’ या नावाने जी कलाचळवळ ओळखली जाते, तिच्यावर मी आमच्या टोरांटोतील मराठी मित्रमंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहीत आहे. लेख जवळजवळ पूर्ण झाला आहे, पण शीर्षकातल्या तीन शब्दांपाशीच मी अडले आहे. हे अडणे केवळ भाषांतराचे नाही असे आता वाटू लागले आहे, म्हणून प्रश्न आपल्यापुढे मांडते.

या विषयाकडे मी ओढली गेले ती एका प्रदर्शनामुळे. शहराच्या मध्यभागी ४०१ रिचमंड नावाची जुनी इमारत आहे. एके काळी तेथे पत्र्याच्या डब्यांवर छपाई करणारा कारखाना होता. २००३ पासून अपंग कलाकारांचा महोत्सव भरवत आलेल्या ‘टँगल्ड आर्ट अँड डिसॅबिलिटी’ या संस्थेने २०१६ साली याच इमारतीत आपली गॅलरी सुरू केली. अपंगांच्या कलेला वाहिलेली कायमस्वरूपी गॅलरी कॅनडात ही पहिलीच. उद्घाटनाचे प्रदर्शन पर्सिमन ब्लॅकब्रिज यांच्या शिल्पांचे होते. कोरलेले लाकूड आणि इकडेतिकडे सापडलेल्या वस्तू एकमेकांना जोडून घडवलेल्या लहान लहान मानवी आकृत्या भिंतीवर मांडल्या होत्या, आणि त्यांना हात लावण्याची मुभा होती. मला मात्र हात पुढे करायलाच काही मिनिटे लागली, कारण जन्मभर ‘हात लावू नये’ हीच पाटी वाचलेली. शेवटी एका आकृतीवरून बोट फिरवले. गुळगुळीत लाकूड मध्येच संपले आणि बोटाला थंड धातू लागला. त्या क्षणी ‘येथे काहीतरी कमी आहे’ असे न वाटता ‘येथे दुसरे काहीतरी सुरू झाले आहे’ असे वाटले, आणि हीच गोष्ट मला लेखात सांगायची होती.

आमच्या संपादकांनी लेख वाचून ‘डेफ’च्या जागी ‘मूकबधिर’, ‘डिसेबल्ड’च्या जागी ‘दिव्यांग’ आणि ‘मॅड’च्या जागी ‘मनोरुग्ण’ असे बदल केले, आणि वर ‘कलेतून उपचार’ असे उपशीर्षक दिले. त्यांचा हेतू चांगलाच आहे; कोणाचे मन दुखावू नये एवढीच त्यांची काळजी आहे. तरीही हे वाचल्यावर माझा लेख भलत्याच विषयावर गेल्यासारखा वाटला. माझा थोरला भाऊ मिरजेला असतो. बावीस वर्षांपूर्वी त्याला स्किझोफ्रेनियाचे निदान झाले, आणि तेव्हापासून घरात आम्ही ‘दादाची तब्येत’ एवढेच म्हणत आलो आहोत. त्यापलीकडचा कोणताही शब्द आमच्या तोंडी आलेला नाही. म्हणून विचारते: हे तीन शब्द मराठीत कसे आणावेत? आणि ‘कलेतून उपचार’ हे उपशीर्षक मला का खुपते आहे, हे कोणी नीट उलगडून सांगू शकेल का?


पिंपळपान

आपला प्रश्न मराठी वाचकाला नवा वाटण्याचे कारण नाही, कारण नाव कोणी ठेवायचे हा वाद आपल्या भाषेत पूर्वीच आणि फार मोलाने लढला गेला आहे. ‘हरिजन’ हे नाव वरून बहाल केलेले होते, गोड होते, आणि देणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. तरीही ते ज्यांना दिले गेले त्यांनी ते नाकारले आणि ‘दलित’ हा दाबले गेल्याची आठवण देणारा शब्द स्वतःसाठी उचलला. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, तोपर्यंत तो शब्द लाजेचा राहिला नव्हता. दलित साहित्य कोणी लिहिलेले मानावे, कळवळ्याने लिहिलेले आणि सोसून लिहिलेले यांत फरक काय, हा प्रश्नही आपण पुढे कित्येक वर्षे चघळला आहे. कॅनडातील हे कलाकार तोच प्रश्न आपल्या शरीराच्या आणि मनाच्या संदर्भात विचारत आहेत, असे मी समजतो.

त्या दृष्टीने ‘दिव्यांग’ हा शब्द पाहावा. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात तो सुचवला आणि पाहता पाहता तो सरकारी झाला. महाराष्ट्रात तर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागच स्थापन झाला. परंतु अपंगांच्या अनेक संघटनांनी तेव्हाच हरकत घेतली होती, ती अशी की आम्हांला दैवी अवयव नकोत, चढता येईल असा उतार हवा. ज्या कलाकारांचे सारे म्हणणेच ‘आमच्याकडे चमत्कार म्हणून पाहू नका’ हे आहे, त्यांना ‘दिव्यांग’ म्हणणे अन्यायाचे होईल. आपण सरळ ‘अपंग’ लिहावे.

‘मनोरुग्ण’ हा शब्द तर केसपेपरवरचा आहे. एकदा तो वापरला की वाचकाच्या मनात डॉक्टर आपोआप उभा राहतो आणि कलाकार खाटेवर जातो. मी आपल्या जागी असतो तर ‘मॅड’ हाच शब्द देवनागरीत ठेवून पहिल्या परिच्छेदात त्याचा इतिहास सांगितला असता.

थोडे विषयाच्या कडेने सांगतो. ‘लंगडी सबब’, ‘आंधळा कारभार’, ‘मुकी संमती’ हे शब्दप्रयोग आपण दिवसभर करतो. नाथांच्या भारुडांतही आंधळा, बहिरा, मुका आणि पांगळा येतात ते अज्ञानी जिवाची सोंगे म्हणून. भारुडांची थोरवी मी मनापासून मानतो. तरीही त्या सोंगांमागे एखादा खरा आंधळा, एखादी खरी पांगळी बाई श्रोत्यांत बसलेली असेल, हे फार थोड्यांच्या मनात येत असेल, आणि हे कलाकार नेमके त्या श्रोत्यांतून उठून पुढे आलेले आहेत.


भिंतीपलीकडे

मी टोरांटोतच असतो आणि या शब्दाशी माझा संबंध पुस्तकी नाही; मी येथे दोनदा मनोरुग्णांच्या इस्पितळात दाखल झालो होतो, त्यांपैकी एकदा माझ्या इच्छेविरुद्ध. त्यामुळे पिंपळपान यांनी जो इतिहास सांगायला सुचवले आहे तो मीच थोडक्यात सांगतो.

उत्तररंगताई, आपण क्वीन स्ट्रीट वेस्टवरून जात असाल तर १००१ क्रमांकाच्या मोठ्या मानसिक आरोग्य केंद्राच्या आवाराकडे पाहा. १८५० साली तेथे वेड्यांचे इस्पितळ उघडले. तेव्हाचा क्रमांक ९९९ होता, आणि तो आकडा पुढे शहरात शिवीसारखा वापरला जाऊ लागला, इतका की अखेर क्रमांकच बदलावा लागला. जुनी इमारत १९७० च्या दशकात पाडली गेली, पण आवाराच्या जुन्या विटांच्या भिंतीचे काही भाग अजून उभे आहेत. ही भिंत एकोणिसाव्या शतकात आत ठेवलेल्या माणसांनीच बांधली, आणि त्या कामाचा एक पैसाही त्यांना मिळाला नाही. आपल्याला कोंडणारी भिंत त्यांनी आपल्याच हातांनी रचली! जेफ्री रिओम हे इतिहासकार स्वतः या व्यवस्थेतून गेलेले आहेत. त्यांनी जुनी दप्तरे उकरून या माणसांची आयुष्ये बाहेर काढली आणि वर्षानुवर्षे लोकांना या भिंतीपाशी नेऊन ती वाचून दाखवली. भिंतीवर स्मृतिफलक लागले ते २०१० मध्ये. मी प्रथम गेलो तेव्हा कडाक्याची थंडी होती. हातमोजा काढून मी विटेवर तळहात टेकवला, आणि फलक पूर्ण वाचून होईपर्यंत तो काढलाच नाही.

कलेची चळवळ याच रस्त्यावर आणि पश्चिमेकडच्या पार्कडेल वस्तीत वाढली. १९८० मध्ये ‘फीनिक्स रायझिंग’ हे नियतकालिक निघाले, ज्यात मानसोपचारांतून बाहेर पडलेली माणसे विजेच्या झटक्यांविषयी, सक्तीच्या औषधांविषयी आणि त्याबरोबरच आपल्या कविताही लिहीत. पार्कडेलच्या खोल्यांत राहणाऱ्या अशा लोकांविरुद्ध शेजाऱ्यांत द्वेष वाढला, तेव्हा त्याला उत्तर म्हणून १८ सप्टेंबर १९९३ रोजी त्यांनी आपला ‘अभिमान दिवस’ साजरा केला. पुढे जगभर पसरलेल्या ‘मॅड प्राइड’ची सुरुवात हीच मानली जाते. नंतरच्या काही मिरवणुकांत चाकांवरची इस्पितळाची खाट रस्त्यातून ढकलत नेली गेली. मला त्या दृश्याचे मोल फार वाटते, कारण ज्या खाटेला माणूस बांधला जातो तीच खाट येथे त्याच्या हातात आलेली असते.

आता ‘कलेतून उपचार’ आपल्याला का खुपते ते. उपचारांतली कला वाईट असते असे मी म्हणणार नाही. मीही वॉर्डात चित्रे काढली आहेत आणि काही दुपारी त्यांनीच मला धरून ठेवले. परंतु तेथे माझे चित्र माझ्या केसपेपरला जोडले गेले, आणि त्यातला काळा रंग जास्त आहे की कमी यावरून माझी प्रकृती ठरवली गेली. चित्र कसे आहे हे कोणी विचारले नाही. ज्या कलेचे नेतृत्व अपंगांकडे असते तेथे प्रश्न उलटा होतो: विषय कोण निवडतो, पैसा कोणाच्या हाती आहे, निवड समितीवर कोण बसले आहे आणि प्रेक्षागृह कोणाच्या सोयीने बांधले आहे. हा फरक एकाच संस्थेच्या आयुष्यातही दिसू शकतो. १९८७ मध्ये क्वीन स्ट्रीटच्या इस्पितळातील लीसा ब्राउन या परिचारिकेने तेथील कलावंतांसाठी एक नाट्यमंडळी सुरू केली, तीच आजची ‘वर्कमन आर्ट्स’. जोसेफ वर्कमन हे एकोणिसाव्या शतकात त्याच इस्पितळाचे अधीक्षक होते, म्हणजे नावही व्यवस्थेच्याच बाजूचे. तरीही या संस्थेने १९९३ पासून वेडाविषयीचा चित्रपट महोत्सव चालवला आणि कलाकारांना सभासद म्हणून वागवले, रुग्ण म्हणून नव्हे. सुरुवात कोणी केली यापेक्षा पुढे सूत्रे कोणाकडे गेली हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

आपल्या लेखात न्यायाचा भाग आहे की नाही हे कळले नाही, पण तो अवश्य घ्यावा. टोरांटोच्या उत्तरेला ऑरिलिया येथे १८७६ पासून २००९ पर्यंत मतिमंद म्हटल्या गेलेल्या मुलामाणसांची एक सरकारी संस्था होती, शेवटच्या काळात ह्युरोनिया या नावाने. तेथील मारहाण, अत्याचार आणि फुकट राबवून घेणे यांविरुद्ध तेथूनच वाचलेल्या दोन स्त्रियांनी सर्वांच्या वतीने सरकारवर दावा लावला. २०१३ मध्ये साडेतीन कोटी डॉलरची तडजोड झाली आणि ओंटारिओच्या प्रांतप्रमुखांनी विधिमंडळात माफी मागितली. भरपाईसाठी मात्र अर्ज भरायचा होता; कोणी, केव्हा, काय केले हे कागदावर ठरावीक भाषेत मांडायचे होते, आणि ज्यांना लिहायला कधी शिकवलेच गेले नव्हते त्यांनी ते कसे मांडावे? यातल्या काही जणांनी पुढे कलाकारांबरोबर बसून चित्रांतून, वस्तूंतून आणि रंगमंचावर उभे राहून आपली हकिगत सांगितली. न्यायालयाच्या अर्जात जे मावले नाही ते तेथे मावले. त्या संस्थेच्या दफनभूमीत कित्येक थडग्यांवर नावाऐवजी नुसते आकडे होते, हेही लिहा.


हातांची भाषा

मी नाशिकचा, जन्मतः बहिरा. मराठी ही माझी दुसरी भाषा आहे, पहिली हातांची. ‘मूकबधिर’ या शब्दाबद्दल फार थोडक्यात सांगतो: मी मुका नाही. माझ्याकडे भाषा आहे, ती तुम्हांला येत नाही एवढेच.

ताई, आपल्या अडचणीत एक बारकावा आहे जो कोणी लिहिला नाही. इंग्रजीत ‘डेफ’ हा शब्द मोठ्या अक्षराने लिहिला की तो कानांविषयी राहत नाही, तो एका भाषिक समाजाचे नाव होतो. ‘मॅड’चेही तसेच आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, म्हणून हा फरक आपल्याला वाक्यातच सांगावा लागेल. त्या तिघांची नावे वेगवेगळी ठेवण्याचे कारणही हेच आहे. बहिऱ्यांपैकी बरेच जण स्वतःला अपंग मानतच नाहीत. ते स्वतःला भाषिक अल्पसंख्य मानतात. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारातही, तिसाव्या कलमात, चिन्हभाषा आणि बहिऱ्यांची संस्कृती यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. कॅनडाने २०१९ च्या कायद्यात अमेरिकी चिन्हभाषा, क्वेबेकची चिन्हभाषा आणि तेथील आदिवासींच्या चिन्हभाषा या बहिऱ्यांच्या संवादाच्या मुख्य भाषा म्हणून मान्य केल्या.

कलेत याचा फरक कसा पडतो ते एका अनुभवाने सांगतो. मी एका नाटकाला गेलो होतो. दुभाषी होती, आयोजकांचे आभार. पण तिला रंगमंचाच्या अगदी डाव्या टोकाला, दिव्याबाहेर उभे केले होते. माझे डोळे एकदा नटाकडे, एकदा तिच्याकडे, आणि दीड तासात मी ना नाटक पाहिले ना संवाद वाचले. बहिऱ्यांनी बसवलेल्या नाटकात नटच चिन्हभाषेत बोलतो, त्याचे हात हाच प्रकाशाचा विषय असतो, आणि ऐकू येणाऱ्यांसाठी अक्षरे पडद्यावर येतात. एडमंटन शहरात ख्रिस डॉड या बहिऱ्या नाटककाराने २०१७ मध्ये सुरू केलेला ‘साउंड ऑफ’ महोत्सव अशाच नाटकांचा आहे. सोय म्हणून दिलेली भाषा आणि नाटकाची स्वतःची भाषा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मला विचाराल तर ‘बहिरे’ लिहा. ‘कर्णबधिर’ चालेल, तो निदान खोटा नाही.


एक आई

मी कोणाचा अपमान करण्यासाठी लिहीत नाही, हे आधी सांगते. माझा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. आजार उफाळला की तो चार-चार दिवस झोपत नाही, आणि गेल्या पावसाळ्यात रात्री तीन वाजता तो आम्हांला रेल्वे फलाटावर सापडला. आपण सर्व ज्या शब्दाचा अभिमान बाळगायला सांगत आहात, तोच शब्द आमच्या गल्लीतली मुले त्याच्या मागे ओरडतात. ‘मनोरुग्ण’ म्हटल्याने निदान हे तरी कळते की तो आजारी आहे, त्याला औषध हवे, दगड नकोत. वेडाचा गौरव झाला तर माझ्या मुलाला उपचार कोण देईल?


भिंतीपलीकडे

काकू, तुमच्या मुलाच्या मागे ज्या शब्दाने दगड येतात तो शब्द त्याच्यावर लादण्याचा अधिकार मला नाही, आणि कोणालाच नाही. या चळवळीतही सगळे जण ‘मॅड’ म्हणवून घेत नाहीत. कोणी ‘उपचारांतून वाचलेला’ म्हणतो, कोणी आजाराचे नाव घेतो, आणि अनेक जण रोज औषध घेतात. मीही घेतो. औषध नको असे माझे म्हणणे नाही. औषधाची चिठ्ठी हीच माझी पूर्ण ओळख नको, एवढेच माझे म्हणणे आहे. जे स्वतःला ‘मॅड’ म्हणतात त्यांच्यासाठी तो शब्द ठेवावा आणि तुमच्या मुलासाठी तो स्वतः सांगेल तो. तो फलाटावर सुखरूप सापडला हे वाचून जीव भांड्यात पडला.


एक आई

तो काय म्हणवून घेतो हे मी त्याला कधी विचारलेले नाही. विचारीन.


सहा ठिपके

शब्दांची चर्चा उत्तम झाली आहे. मी अंध आहे आणि हा धागा माझ्या संगणकाच्या आवाजातून ऐकत आहे, म्हणून एक वेगळी गोष्ट विचारतो: तो दिवाळी अंक मला वाचता येणार आहे का?

प्रश्न आगाऊ वाटल्यास क्षमा असावी. पण बहुतेक मराठी अंक अजूनही जुन्या टंकांत, म्हणजे युनिकोड ही सर्व संगणकांना समजणारी अक्षरांची समान पद्धत येण्यापूर्वीच्या टंकांत, जुळवले जातात. त्यांची पीडीएफ डोळ्यांना सुंदर दिसते, आणि माझा वाचक-आवाज मात्र तीच फाइल उघडल्यावर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा खच ओततो. पाने स्कॅन करून चढवली असतील तर तेही नाही, नुसती शांतता. अंध कलाकारांवरचा लेख अंधाला वाचता येऊ नये असे माझ्या बाबतीत आजवर तीन वेळा झाले आहे. आपल्याकडच्या २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचे एकोणतिसावे कलम कला सर्वांच्या आवाक्यात आणण्याविषयी बोलते, अपंग कलाकार आणि लेखकांना साहाय्य देण्याविषयी बोलते, अपंगत्वाच्या इतिहासाचे संग्रहालयही मागते. सुरुवात मात्र टंकापासून व्हायला हवी.

आपल्या लेखात व्हँकुव्हरच्या कार्मेन पापालिया यांना जागा असेल तर पाहावे. दृष्टी गेल्यावर ते स्वतःला दृष्टीविना काम करणारा कलाकार म्हणू लागले. ते माणसांची लांब साखळी करून, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर ठेवायला लावून, सर्वांचे डोळे मिटवून शहरातून चालवत नेतात. एकदा त्यांनी पांढरी काठी बाजूला ठेवली आणि शाळेच्या वाद्यवृंदाला सांगितले की, पायरी आली, खांब आला की वाजवून मला सांगा. आणि त्या सुरांच्या आधारे ते रस्त्यातून चालले. मला स्वतःला काठी प्रिय आहे, पण ट्रॉम्बोन पायरी दाखवतो ही कल्पना कित्येक दिवस मनातून गेली नाही.


उत्तररंग

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. संपादकांशी काल रात्री दीड तास बोलले. शीर्षकात ‘बहिरे, अपंग आणि मॅड कलाकार’ असे शब्द राहतील, ‘मॅड’ का ठेवला हे पहिल्याच परिच्छेदात येईल, आणि उपशीर्षक काढून टाकले आहे. क्वीन स्ट्रीटची भिंत आणि ऑरिलियाची दफनभूमी यांच्यासाठी मी लेख दोन पानांनी वाढवून घेतला. भिंतीपलीकडे, आपली हरकत नसेल तर शनिवारी मी ती भिंत पाहायला जाणार आहे. आपण बरोबर आलात तर आनंद होईल.

सहा ठिपके, आपला प्रश्न वाचून लगेच जुळणी करणाऱ्यांना विचारले. अंक श्रीलिपीत लागला आहे, आपण म्हणता तसाच. संपूर्ण अंक युनिकोडमध्ये बदलायला या वर्षी वेळ नाही असे ते म्हणाले, म्हणून माझा लेख आणि ज्या लेखकांनी होकार दिला त्यांचे आणखी सहा लेख मी आणि माझी मुलगी मिळून पुन्हा टंकित करत आहोत. छायाचित्रांची वर्णनेही लिहीत आहोत. पहिले वर्णन त्या शिल्पाचे आहे आणि ते चार वेळा खोडले, कारण प्रत्येक वेळी मी ते कसे दिसते हेच लिहीत होते. आता बोटाला काय लागले ते लिहिले आहे. मजकूर तयार झाला की अंकाच्या आधी आपल्याला पाठवते. कोठे अडखळला तर कृपया कळवावे.